आमची वाटचाल : उजेड वाचण्याचं काम

सोलापूरच्या पूर्व भागात वडिलांनी स्टुडिओ टाकला, तेव्हा पोट चालायचं ते पासपोर्ट फोटोंवर. मागे पडदा, दोन दिवे आणि आत लाल उजेडाची डार्करूम. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना बघत मी हे काम शिकलो. रोलमध्ये फोटो 36, म्हणून बटण दाबायच्या आधी बघायचं, ही वडिलांची शिस्त. डिजिटल आलं, डार्करूम गेली. शिस्त मी सोडली नाही.

माझ्या नजरेला खरं वळण लावलं ते आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेनं. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह होतो. सात नंदीध्वज, म्हणजे भाविक पेलतात त्या उंच काठ्या, आणि चहूकडे पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतं, त्यामुळे पांढऱ्यानं चौकट भरली की फोटो अंधारतो आणि बाराबंदी मळकट दिसते. म्हणून तिथे उजेड एक-दीड स्टॉप वाढवून द्यायचा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. पण दुपारचं ऊन डोक्यावर असताना डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, त्या नुसत्या एक्स्पोजरनं जात नाहीत. मी लोकांची पाठ उन्हाकडे येईल अशी बाजू धरतो. मग चेहरा मऊ उजेडात येतो, डोळे दिसतात आणि कापडाच्या चुण्याही राहतात. काठी पेलणाऱ्याच्या मानेवरचा ताण मला नंदीध्वजाच्या शेंड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

यंत्रमागाच्या कारखान्यात मी फ्लॅश काढतच नाही. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. फ्लॅश पडला की ते पांढरे ठिपके होऊन फोटोभर पसरतात, आणि पत्र्याच्या फटीतून आलेला उजेड मरतो. 1/15 सेकंदावर शटर ठेवलं, कॅमेरा खांबाला टेकवला, की आडवा धागा नेणारा धोटा पुसट होतो आणि माग चालवणाऱ्या मामांचा चेहरा स्थिर राहतो. चादर, टॉवेल सगळ्यांनी पाहिलेत. ते विणणारी माणसं दिसावीत म्हणून हे काम आम्ही पदरमोड करून करतो.

घर चालतं लग्नांवर, आणि लग्नात लेन्सपेक्षा विधींची माहिती जास्त कामाला येते. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू घरं शेजारी शेजारी. तेलुगू लग्नात वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, तोच मुहूर्त. तो पुन्हा करायला सांगणं मला पटत नाही. मराठी लग्नात गुरुजी शेवटचं ‘सावधान’ लांबवतात, तेवढ्यात जागा पकडायची, कारण पुढच्याच क्षणाला अंतरपाट खाली येतो. म्हणून बुकिंग झालं की आम्ही आधी घरी जातो, आजी-आजोबांशी बोलतो, कुठला विधी कधी ते लिहून घेतो. एका दिवशी एकच लग्न घेतो. पोरं म्हणतात, सीझनला दोन घ्या. मला ते जमणार नाही.