निळ्या ज्योतीमागची विहीर

कोल्हापुरात अलीकडच्या वर्षांत घरोघरी गॅसच्या नळजोडण्या येऊ लागल्या, रिक्षा सीएनजीवर धावू लागल्या आणि ‘स्वच्छ इंधन’ हे विशेषण आपण पडताळून न पाहताच स्वीकारले. कोळशापेक्षा हा नैसर्गिक वायू जळताना काजळी आणि कार्बन डायऑक्साइड कमी सोडतो, हे खरेच आहे. मात्र ही स्वच्छता शेगडीपाशी मोजलेली असते; जमिनीतून वायू उपसणाऱ्या विहिरीपाशी काय घडते याचा हिशेब तिच्यात धरलेला नसतो, आणि तो धरलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आसाममधील तिनसुकिया जिल्ह्यात, बाघजान येथे, २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाच्या ५ क्रमांकाच्या विहिरीवरचा ताबा सुटला. जवळजवळ दोन आठवडे वायू नुसता उसळत राहिला, ९ जूनला त्याने पेट घेतला, दोन अग्निशामक जवानांचा जीव गेला आणि हजारो माणसांना घरदार सोडून छावण्यांत राहावे लागले. वायूबरोबर आलेल्या तेलकट द्रवाचा तवंग शेजारच्या मागुरी-मोटापुंग या पाणथळीवर पसरला, मासे मेले, एक डॉल्फिनही मृत सापडला. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पाहिलेल्या कोल्हापूरकराला यातले दुःख वेगळे सांगायला नको. विहीर आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला.

असा भडका न उडताही धोका असतोच. विहिरीत बसवलेली पोलादी नळी (केसिंग) आणि खडक यांच्यामधले सिमेंट तडकले, तर वायू वर चढून भूजलात शिरू शकतो. खोलातले अतिखारट पाणीही वायूबरोबर वर येते. ते शेतात सांडले तर काय होते, हे शिरोळच्या क्षारपड जमिनी कसणाऱ्यांना विचारावे. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला तर अनेक दशकांच्या उपशाने जमीन खचली, २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांच्या भिंतींना तडे गेले आणि अखेर २०२३ मध्ये उत्पादन थांबवावे लागले.

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो; न जळता निसटणारा हा मिथेन मात्र डोळ्यांना दिसतच नाही. २० वर्षांच्या कालावधीत तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. म्हणूनच विहिरीपासून शेगडीपर्यंतची गळती काही टक्क्यांवर गेली, की कोळशापेक्षा बरा असल्याचा दावाच डळमळतो.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, आहे, गोठ्यागोठ्यांत शेण आहे, आणि त्यांतून मिळणारा मिथेन शुद्ध करून त्याच वाहिन्यांत सोडता येतो. हा मिथेन तयार करणाऱ्या संयंत्रांची गळतीसुद्धा नियमित मोजली जावी आणि तिचे आकडे ग्राहकांना पाहायला मिळावेत.