रेडकाचं काय?

रविवार, रात्री साडेअकरा. उभं राहून राहून पायाचे तुकडे पडलेत आणि झोप काही येत नाहीये.

आज रंकाळ्यावर आमचा क्यूब होता. क्यूब म्हणजे चार-सहा जण पाठीला पाठ लावून चौकोनात उभे, तोंडावर मास्क, हातात लॅपटॉप, त्यावर कत्तलखाना, डेअरी, पोल्ट्रीचे व्हिडिओ चालू, मास्कवाल्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि जो थांबून बघेल त्याच्याशी माझ्यासारख्या बाहेर उभ्या असलेल्यांनी जाऊन बोलायचं. २०१६ ला मेलबर्नला सुरू झालेली ही पद्धत. पुण्या-मुंबईत ठीक आहे हो, पण कोल्हापूर! तांबड्या-पांढऱ्याचं गाव, शेजारी गंगावेशीत दूध कट्टा, तिथे लोक म्हशीसमोर उभं राहून धारोष्ण दूध रिचवतात. इथे व्हीगन व्हा, म्हणजे मांसाबरोबर दूधही सोडा, म्हणून सांगायचं. आई म्हणालीच होती, "मार खाऊन येशील."

मार नाही खाल्ला. लोक भेळ खात खात बघत होते (भेळ व्हीगनच असते, मी मनात टिकमार्क करून घेतला). एक पोरगा म्हणाला सोडतो चिकन, पण श्रावणापासून.

मग ते काका आले. साठीचे असतील, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. डेअरीवाला व्हिडिओ त्यांनी पूर्ण बघितला, एवढा वेळ कोणी थांबलं नव्हतं. मी पुढे झाले तर म्हणाले, "हे परदेशातलं दिसतंय. आमी हातानंच काढतोय." आणि अंगठा दाखवला. अंगठा दुमडून धार काढायची सवय, त्या सांध्यावर सुपारीएवढी गाठ. चार म्हशी आहेत म्हणे.

मी आमचा ठरलेला प्रश्न विचारला, रेडकाचं काय करता? हा प्रश्न विचारला की समोरचा गडबडतो, मग आपण समजावून सांगायचं असं आमचं ट्रेनिंग. काका गडबडले नाहीत. "वगार झाली तर ठेवतोय. नर रेडकू झालं तर काय, दोन लिटर दूध पाजायचं म्हणजे रोजचं शंभर रुपयं. पंधरा दिसांत मरतंय, न्हाईतर गाडीतनं जातंय."

"आणि म्हैस?"

"रेकती आठ दिस. पान्हा चोरती. मग पेंड घातली की सोडती."

पेंड घातली की सोडती. मी काय बोलणार यावर? मला पाठ होतं ते सगळं, की महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय कत्तलीतून वाचवली, २०१५ ला त्यात बैल-वळूही आले पण म्हैस-रेडा बाहेरच राहिला, की आपला देश दुधात जगात पहिला आणि आपण परदेशात जे बीफ विकतो ते म्हशी-रेड्यांचंच. पण हे त्यांना सांगून काय उपयोग, ते त्या साखळीच्या पहिल्या कडीवर रोज पहाटे चारला उठून बसतात. आमचे सगळे व्हिडिओ माहीत नसलेल्यांसाठी आहेत, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"म्हस सोडतो की," ते म्हणाले, चिडून नाही, अगदी शांतपणे, "खायाचं काय तेवढं सांग." ओट मिल्कच्या डब्याची किंमत डोळ्यासमोर आली आणि मी गप्प बसले. शेंगदाण्याचं दही वगैरे मला जमतं, पगार महिन्याच्या एक तारखेला येतो म्हणून जमतं.

जाताना त्यांनीच विचारलं, "मग तू चहा कसला पितीस?"

"कोरा."

"आमीबी कोराच. दूध सगळं संस्थेला जातंय."

आणि हसले. मला नाही हसता आलं.

घरी आल्यापासून तो ज्ञानोबांचा रेडा डोक्यात फिरतोय, वेद म्हणणारा. पुणे जिल्ह्यातल्या आळे गावात त्याची समाधी आहे, लहानपणी बाबांनी नेलं होतं, लोक रांगेत उभं राहून पाया पडतात. मेलेल्या रेड्याच्या. मी पण पडले होते, आणि परत येताना फाट्यावर बासुंदी खाल्ली होती.

ग्रुपवर फॉर्म भरायचाय, किती लोकांशी बोललात, त्यांचं उत्तर काय: तयार, विचार करेन, नाही. सात जणांचं भरून झालं. काकांचा रकाना अजून तसाच आहे आणि अॅडमिनचा तिसरा मेसेज येऊन पडलाय.