बशी सुटली तेव्हा

बटाटेवडा ही एके काळी बशीत घेऊन, बसून खायची वस्तू होती. चमच्याने मोडायचा, चटणीला लावायचा, सावकाश. त्याला पावात कोंबायचं पहिल्यांदा कुणाला सुचलं यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांचं बोट दादर स्टेशनाबाहेरच्या अशोक वैद्यांच्या गाडीकडे जातं, साल १९६६.

मला यात वड्यापेक्षा पावाचं कौतुक जास्त. वडा होताच, पावही बेकऱ्यांतून रोज निघत होता. पण दोघांची गाठ पडली आणि बशी, चमचा, टेबल, खुर्ची सगळं एका फटक्यात बाद झालं. गिरणीची पाळी गाठायची, लोकल पकडायची, एक हात दांडीला. उरलेल्या हातात मावेल आणि चटका बसणार नाही असं पोटभरीचं दुसरं काय होतं?

सत्तरच्या दशकात शिवसेनेने उडप्यांच्या इडली-डोशाला मराठी उत्तर म्हणून वडापाव उचलून धरला. गंमत म्हणजे बटाटा, मिरची आणि पाव, तिन्ही आपल्याकडे आले पोर्तुगीजांच्या हातून. बेसन तेवढं घरचं. असो, तिखटपणा तरी आपला म्हणू!

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, आणि कित्येकांच्या गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. घर तर चालवायचं होतं. बऱ्याच जणांनी नाक्यावर वडापावची गाडी टाकली. पाळी सुटल्यावर कढईसमोर उभे राहणारे आता कढईमागे उभे राहिले. वडापाव गल्लोगल्ली पोचला तो हौसेने कमी आणि अशा गरजेने जास्त.

गाडीवर माझी नजर असते ती झाऱ्याकडे. वडा तेलात सोडताना बोटांवरून बेसनाचे थेंब निसटतात, क्षणात फुलून तांबूस कुरकुरीत होतात. हाच चुरा. वाया जायची वस्तू, पण सुक्या लसणीच्या चटणीत पडली की वड्याला मागे टाकते. मुरलेला गाडीवाला पाव उघडून आधी चटणी दाबतो, मग वडा, आणि चुरा मागितला तर मूठभर देतो, वर तळलेली मिरची.

चीज, शेजवान, मेयोनिज घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त चुऱ्याच्या जागेवर त्यांनी अतिक्रमण करू नये.