एक दिवसाचा पगार

आज शाळा बंद ठेवून जिल्हाधिकारी कचेरीवरच्या मोर्चाला गेले. दिवसाचा पगार जाणार, हे माहीत होतंच.

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आमची झोप उडवलीय. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा, नाहीतर घरी. मी २००४ ला लागले. तेव्हा डीएड पुरत होतं, टीईटीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

घोषणा देता देता शेजारच्या मॅडमच्या पर्समधून बालमानसशास्त्राचं गाईड डोकावलं. दोघींना हसू फुटलं. माझ्याही उशाशी तेच आहे!

खरं सांगू? विरोधापेक्षा भीतीच जास्त आहे. १५० पैकी ९० नाही पडले, तर वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू? स्टेजवरून हे कुणी बोललं नाही. बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, रोजची ऑनलाइन माहिती यांतून अभ्यासाला वेळ कधी काढायचा, हेही ओझरतंच आलं.

परतताना एसटीत एका पालकाचा फोन. "बाई, उद्या तरी शाळा हाय का? पोरगं सकाळधरनं दप्तर घिऊन दारात बसलं हुतं."

"हाय की. शनिवार, सकाळची."