झेब्रा लोचचा क्वारंटाइन टँक : आतापर्यंतचा अपडेट

लोच आणणार आणणार म्हणत होतो ते शेवटी आणले, सहा झेब्रा लोच, जेमतेम दीड-दीड इंचाचे, कुर्ल्याच्या मार्केटमधून. पण मेन टँकमध्ये अजून एकही सोडलेला नाही. सगळे हॉलच्या कोपऱ्यातल्या क्यूटीत (क्वारंटाइन टँक, म्हणजे नवे मासे वेगळे ठेवायचा टँक) आहेत आणि अजून काही आठवडे तिथेच राहणार.

एवढा खटाटोप कशाला, तर हा मासा म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णा खोऱ्यातल्या वरच्या नद्यांमधला, कोल्हापूरकडे पण सापडतो, आणि आययूसीएनच्या (धोक्यातल्या प्रजातींची यादी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यादीत एन्डेंजर्ड आहे. दुकानात दिसतात ते बहुतेक नदीतून पकडलेलेच. म्हणजे पोटात काय काय घेऊन आलेत देव जाणे, त्यात पकडणारा, होलसेलर, दुकान असे टप्पे खाऊन दमलेले, अंगावर काही नाही, नीट खाल्लेलं नाही. असे मासे सरळ मेन टँकमध्ये, म्हणजे झाडं लावलेल्या टँकमध्ये सोडले की आजारी कोण पडलंय तेच कळत नाही, हे दिवसभर झाडांच्या मुळात लपून बसतात. आणि औषध टाकायची वेळ आली तर त्या टँकमध्ये श्रिंप (छोट्या कोळंब्या) आहेत, कॉपरचं औषध टाकलं की त्यांचा निकाल. धोक्यात असलेला मासा विकत घ्यायचाच असेल (त्यावर वाद घालता येईल, मला पण पूर्ण पटलेलं नाहीये) तर निदान तो जगवायची तयारी आधी हवी.

टँक साधाच, १८ बाय १२ बाय १२ इंच, पाणी १० इंचांपर्यंत म्हणजे साधारण ३५ लिटर. हा आकडा काचेवर मार्करने लिहून ठेवलाय कारण डोसचा सगळा हिशोब त्यावरच. खाली ग्रॅव्हल नाही, वाळू नाही, काचेखाली बाहेरून काळा कागद लावलाय, पांढऱ्या उघड्या तळावर लोच बावरतात. लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसी पाईपचे तुकडे आणि एल्बो, कडा घासून घेतलेल्या. ५० वॉटचा हीटर, थर्मामीटर, आणि वर जाळीचं झाकण, लोच उडी मारतो हे विसरू नका. लाकूड आणि दगड मुद्दाम ठेवले नाहीत, औषध शोषून घेतात. फिल्टरमध्ये कार्बन पण नको, तेच कारण.

खरी तयारी म्हणजे स्पंज फिल्टर. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया या स्पंजमध्ये राहतात. क्यूटी कायम चालू ठेवायला घरात जागा नसते आणि रिकामा टँक नुसता चालवला तरी अमोनिया मिळाला नाही की बॅक्टेरिया उपाशीच राहतात, म्हणून जास्तीचा एक स्पंज मेन टँकच्या मागच्या कोपऱ्यात कायम चालू असतो, मासे आणायच्या दिवशी सकाळी तोच उचलून इकडे. नवा कोरा स्पंज लावून मासे सोडले तर पहिल्या आठवड्यातच अमोनिया चढतो आणि मग लोक म्हणतात क्यूटीत मासे मरतात. क्यूटीत नाही, अमोनियात मरतात. त्यातून बोअरचं पाणी असेल, पीएच ८ च्या आसपास असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी, आणि गरम पाण्यात अजून जास्त. टेस्ट किट नसेल तर हा उद्योग करू नका असंच मी म्हणेन, औषधं नंतर घ्या.

जाळी, सायफन, मग, बादली सगळं वेगळं, लाल टेप लावलेलं. रोज आधी मेन टँकचं काम, मग क्यूटीचं, उलटं कधीच नाही. हाताला जखम असेल तर ग्लोव्ह्ज घाला, मायकोबॅक्टेरियम मरिनम माशांकडून माणसाच्या त्वचेत शिरतो आणि बरा व्हायला महिने घेतो.

सोडताना जाळी वापरली नाही. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरला की तो उभा करतो आणि जाळीत अडकतो, मग ओढाताण होऊन मासा जखमी. प्लास्टिकच्या मगने घ्यायचे. पिशवी तरंगत ठेवून टेंपरेचर जुळवलं, पिशवीतलं पाणी थोडं काढून टँकचं टाकलं असं दोन-तीनदा, आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये न ओतता फक्त मासे सोडले. कुरियरने लांबून मासे आले असतील तर मात्र थेंब थेंब पाणी सोडत तास-दोन तास घालवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, पिशवी उघडली की तो उडून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया एकदम विषारी होतो.

सुरुवातीला लाईट बंदच. दुसऱ्या दिवशी आईने किचनमधून येताना बघितलं आणि हाक मारली, अरे तुझा एक मासा गेला. गेला नव्हता, एल्बोमध्ये आडवा होऊन झोपला होता, लोच असेच झोपतात, कुशीवर. आता तिला सवय झालीय, आता ती उलट मला सांगते तुझे ते आळशी आज उठलेच नाहीत.

खाणं हाच मुख्य रिपोर्ट. फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) वितळवून रात्री लाईट गेल्यावर, आणि मेन टँकमधल्या रॅम्सहॉर्न गोगलगायी चिरडून (तिकडून इकडे चालतं, इकडून तिकडे काही जात नाही). खाताना टिक टिक आवाज करतात, शांत घरात बऱ्यापैकी ऐकू येतो.

मग व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग, आलाच. एकाच्या शेपटीवर तीन-चार ठिपके, दुसऱ्या दिवशी आणखी दोघांवर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, माशावर दिसणाऱ्या ठिपक्यावर औषध चालत नाही, त्यातला परजीवी कातडीखाली सुरक्षित असतो. तो गळून तळाला जातो, तिथे फुटून शेकड्याने पिल्लं सुटतात, आणि ती पोहत मासा शोधत असतात तेवढाच वेळ औषध चालतं. म्हणून ठिपके गेले की डोस बंद करणारे परत तिथेच येतात. उघड्या तळाचा फायदा इथे कळला, रोज तळ सायफन करून पाव पाणी बदललं की गळालेले निम्मेअधिक बाहेर. ठिपके लवकर गळावेत म्हणून टेंपरेचर हळूहळू ३० वर नेलं, एअर पंप फुल, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि हे वाहत्या पाण्यातले मासे. मॅलकाइट ग्रीन हे व्हाइट स्पॉटचं औषध हाताशी होतं, लोचला अर्धा डोस देतात, पण गरज पडली नाही. मीठ पण टाळलं, लोचला ते फार मानवत नाही. शेवटचा ठिपका गेल्यावरसुद्धा उष्णता आणि सायफन बरेच दिवस चालू ठेवलं, मग टेंपरेचर परत २५ वर.

या सगळ्यात मेन टँकमधल्या एकाही माशाला ठिपका आलेला नाही.

आता जंतांचा विषय. येणाऱ्या प्रत्येक माशाला पहिल्या दिवसापासून तीन-चार औषधं एकत्र देण्याच्या मी विरोधात आहे, दमलेल्या माशाला आधी खाऊ द्या, बघा, मग ठरवा. पण नदीतून पकडलेल्या लोचला जंताचं औषध हा माझा एकमेव अपवाद, कारण खातो आणि तरी पाठ सुरीसारखी होत जाते ही लोचची जुनी तक्रार आहे. सहापैकी एकाचं तसंच चाललंय, पोट भरलेलं दिसतं पण डोक्यामागे खोलगट. लेव्हामिसोल हे जंताचं औषध लिटरला २ एमजी, म्हणजे ३५ लिटरला ७० एमजी, १५० एमजीची गोळी असेल तर अर्धीच्या जरा आत, आधी मगभर पाण्यात विरघळवून. चोवीस तास लाईट बंद, टँकवर टॉवेल. हे औषध जंताला मारत नाही, लुळं पाडतं, त्यामुळे चोवीस तासांनी तळ पूर्ण सायफन करणं आणि मोठं पाणी बदलणं हा उपचाराचाच भाग आहे, नाहीतर मासे तेच परत खातात. अंड्यांवर चालत नाही म्हणून दुसरा डोस लागतोच.

पहिला डोस झालाय. पाच जण एकदम टकाटक, रंग गडद, पट्टे स्पष्ट. तो बारका अजून बारकाच आहे पण आता ब्लडवर्मसाठी बाकीच्यांना ढकलतो. दुसरा डोस या रविवारी, त्यानंतर निदान दोन आठवडे बिनऔषधाचे, नुसतं खाणं आणि बघणं. कोणी लोचला लेव्हामिसोलनंतर फेनबेंडाझोल (जंताचं दुसरं औषध, गोगलगायींना घातक) दिलंय का? बारक्यासाठी विचारतोय, मेन टँकमध्ये नेराइट गोगलगायी आहेत म्हणून जे काय द्यायचं ते इथेच उरकायचंय.