बादली फुकटची, माती विकतची

कोबी लावू नका. निदान पैसे मोजून खर्च करायचे असतील तर नकोच. मी गच्चीवरच्या भाज्यांची वही ठेवते, डाव्या पानावर खर्च आणि उजव्या पानावर हाती आलेला माल, आणि त्या वहीत कोबीइतकं तोट्याचं पीक दुसरं नाही. एक मोठी कुंडी अडीच-तीन महिने अडकून पडते, अळ्या वेचता वेचता जीव जातो, आणि शेवटी गड्डा निघतो एकच. फ्लॉवरची तीच गत. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच दिवसांत मेथी दोन-तीनदा निघून जाते. कांदा-बटाट्याचंही गणित बसत नाही. मुळात स्वस्त असलेली गोष्ट महागड्या मातीत कशाला वाढवायची?

त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्याला मी आधी विचारते, घरात कोणती भाजी आणून वाया जाते? बहुतेक घरांत उत्तर पुदिना किंवा कोथिंबीर असंच येतं. हव्या असतात चार काड्या, आणावी लागते अख्खी जुडी, उरलेली फ्रिजमध्ये काळी पडते. अशा भाज्या दारात असल्या की लागेल तेवढं खुडायचं, बाकीचं झाडावरच ताजं राहतं. त्यानंतर पालेभाज्या, मग मिरची. टोमॅटो आणि वांगी जमली तर छान, पण त्यांना भांडं मोठं लागतं आणि ऊन किमान सहा तास लागतं. तीन-चार तासच ऊन येत असेल तर मुकाट्याने पालेभाजीवर समाधान मानावं. सावलीत टोमॅटो नुसता उंच वाढतो, फळाचा पत्ता नसतो.

भांड्यांवर मी पैसे घालवत नाही. कडी तुटलेली बादली, तेलाचा डबा, जाड पोतं, फुटका टब, काहीही चालतं. बघायची ती खोली. मेथी, पालक, कोथिंबिरीला वीतभर माती पुरते, मिरचीला त्याच्या दीडपट. टोमॅटोला मात्र पंधरा-वीस लिटरची बादली हवीच. छोट्या कुंडीत तो जगतो, पण दुपार झाली की मान टाकतो. रंगाचे डबे, औषध-कीटकनाशकांचे कॅन आणि जुने टायर फुकट मिळाले तरी मी घेत नाही. खायची वस्तू लावायची आहे. प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 2 किंवा 5 असेल तर बिनधास्त घ्या, 3 असेल तर राहू द्या. काळा डबा उन्हात भयंकर तापतो आणि मुळं भाजतात, म्हणून त्याला बाहेरून चुना फासायचा किंवा जुनं गोणपाट गुंडाळायचं.

भोकं पाडायला खिळा पकडीत धरून तापवायचा, खिडक्या उघड्या ठेवून. तळाला पाच-सहा आणि बाजूला, तळापासून बोटभर वर, आणखी दोन-तीन. तळाची भोकं जमिनीला टेकून बुजली तर बाजूची कामी येतात.

आता खड्यांबद्दल. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती सोडायला कुणी तयार नसतं. पण पाणी बारीक मातीतून जाड खड्यांच्या पोकळीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे तळाशी जो चिखलाचा थर राहायचा तो खड्यांमुळे जात नाही, उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो. शिवाय तेवढी मातीची जागा गेली ती गेलीच. भोकांवर जाळीचा तुकडा किंवा दोन वाळकी पानं ठेवली की पुरे.

पैसे घालायचे ते मातीत. नुसती शेतातली किंवा अंगणातली माती कुंडीत भरली की चार-सहा पाण्यांत ती विटेसारखी बसते. जमिनीत गांडुळं आणि मुळं तिला मोकळी ठेवतात, डब्यात ते काम करायला कुणी नसतं. मी माती, चांगलं कुजलेलं खत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हे तिन्ही सारख्या भागाने घेते. कोकोपीटची वीट भिजवून एक-दोनदा धुऊन, पिळून मगच वापरावी, कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतात. कोकोपीट परवडत नसेल तर चुरलेला वाळका पालापाचोळा घाला. तो लवकर खाली बसतो आणि वरून भर घालावी लागते, पण त्याला पैसे पडत नाहीत.

खतही पुढे विकत आणावं लागत नाही. भोकं पाडलेल्या एका बादलीत भाज्यांची सालं आणि वाळका पाला टाकत जायचा. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका, हे एवढं सांभाळलं तर वास येत नाही. वास आलाच तर समजायचं की ओल जास्त झाली. पाला घालायचा, काठीने हलवायचं. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं खत होतं. आणि पीक संपल्यावर कुंडीतली माती फेकू नका! मुळं काढा, दोन दिवस उन्हात पसरा, चौथा हिस्सा नवं खत मिसळा. फक्त टोमॅटो निघालेल्या मातीत लगेच वांगं किंवा मिरची नको. तिन्ही एकाच कुळातली, एकीचा मर रोग दुसरीला लागतो. तिथे मेथी घाला.

शेजारच्या काकू रोज चहाचा चोथा, केळीची सालं आणि अंड्याची टरफलं आणून माझ्या टोमॅटोच्या बुडाशी ठेवायच्या. "अगं, टोमॅटोची बुडं काळी पडतायत, चुना कमी पडतोय झाडाला," त्यांचं ठाम मत. मी म्हटलं, "काकू, चुना मातीत असतो हो, झाडापर्यंत पोचत नाही." फळाच्या बुडाला काळा डाग पडतो तो कॅल्शियमअभावी हे खरंच, पण कॅल्शियम झाडात चढतं ते पाण्याबरोबर. एक दिवस माती कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी पाण्याचा पूर, असं झालं की फळाला ते मिळत नाही. टरफलं विरघळायला वर्षं लागतात, तोवर टोमॅटोचं झाड उपटून झालेलं असतं. काकूंना पटलं नाही. पण आता तो सगळा ऐवज खताच्या बादलीत जातो, दोघींचंही समाधान.

पाणी घालायचं ते बोट खुपसून बघून. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच, आणि मग खालून पाणी निघेपर्यंत. रोज वरवर शिंपडण्याने मुळं वरच राहतात. मातीवर वाळक्या पानांचा जाड थर ठेवला तर कडक उन्हातही एक वेळचं पाणी वाचतं. गच्चीवर आणखी एक बघा: भिजलेल्या मातीची वीस लिटरची बादली पंचवीस किलोच्या आसपास भरते. अशा दहा बादल्या स्लॅबच्या मधोमध मांडण्यापेक्षा भिंतीच्या कडेने, तुळईच्या जवळ ठेवा. घर भाड्याचं असेल तर मालकांना आधी विचारलेलं बरं.

बियाण्यावर तर जवळजवळ शून्य खर्च. मेथी आणि मोहरी स्वयंपाकघरातलीच पेरायची. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. धने जरा ताणून धरतात, आठ ते पंधरा दिवस. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून चपलेच्या तळव्याखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या आणि रात्रभर भिजवून पेरायचे. सगळे एकदम पेरू नका. दर पंधरवड्याला मूठभर पेरलं तर कोथिंबीर खंडत नाही. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं सुटतात. टोमॅटोच्या पानाच्या बगलेत जो फुटवा येतो तो लोक खुडून टाकून देतात. तो पाण्याच्या ग्लासात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात आणि दुसरं झाड फुकट मिळतं. पिकलेल्या टोमॅटोचं बी धरायचं तर गरासकट दोन-तीन दिवस वाटीत आंबवून, धुऊन, वाळवा. बियांभोवतीची बुळबुळीत पिशवी उगवण रोखते, ती आंबवल्याने सुटते. मात्र संकरित टोमॅटोचं बी आईसारखं फळ देईलच असं नाही. त्याची तयारी ठेवून लावा.

विकतचं पाकीट आणलंच तर शेजारणीबरोबर वाटून घ्या, कारण चार कुंड्यांना एवढं बी लागत नाही आणि ठेवलेलं बी म्हातारं होतं. कांद्याचं बी वर्षभरात निकामी व्हायला लागतं, टोमॅटोचं नीट कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. जुन्या पाकिटाची शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. सात-आठांना मोड आले तर नेहमीसारखं पेरा. चार-पाचांनाच मोड आले तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी उगवल्या तर त्या बिया खताच्या बादलीत.