आबा, मारुती आणि मोडके कान

उन्हाळा चढला की आई कुरडया घालते आणि राखणीला गच्चीवर मला बसवते. पन्नाशीकडं झुकलेल्या लेकीला कावळे हाकलायला बसवण्यात तिला काही वावगं वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही. दुपारचे दोन वाजलेले, शिवाजी पेठेतले पत्रे तापून निघालेले, आणि कावळा आला तो कुरडयांकडं बघितलंही नाही, आधी अँटेनावर जाऊन बसला.

हो, आमच्या गच्चीवर तो अजून आहे. गंजलाय, दांड्या तीन-चारच उरल्यात, पण पाडायचं कुणी मनावर घेतलं नाही. एका दांडीला आईनं बुजगावणं म्हणून आबांच्या छत्रीचं काळं कापड बांधलंय. कावळा त्या कापडाला टेकून निवांत बसला होता.

लहानपणीचा टीव्ही म्हटलं की आमच्या वयाची माणसं गोट्या काढतात, मालगुडी काढतात, मोगली काढतात, मग कुणीतरी तोंडानं धून वाजवतो आणि बाकीचे डोळे मिटून माना डोलावतात. मीही डोलावते. 'रुकावट के लिए खेद है' हे तर मी न अडखळता वाचलेलं पहिलं हिंदी वाक्य. पण मला आधी आठवतो तो परड्यात टोपलीखाली झाकून ठेवलेल्या कच्च्या मटणाचा वास.

कारण रामायण रविवारी असायचं. 1987 च्या जानेवारीत ते सुरू झालं आणि दीड वर्ष चाललं. दिल्लीत बसून वेळ ठरवणाऱ्यांना रविवार सकाळ म्हणजे कोल्हापुरात काय असतं, याची कल्पना असायचं कारण नव्हतं. आबा सातलाच पिशवी घेऊन रांगेला जायचे. एरवी नऊपर्यंत मटणाला हळद-मीठ लागून अळणी पाणी उकळायला लागलेलं असायचं आणि आम्ही पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती. पण साडेनऊला राम घरात येणार म्हटल्यावर आज्जीनं फर्मान काढलं. राम जाईपर्यंत चुलीवर मटण चढणार नाही. मसालासुद्धा वाटायचा नाही. ती स्वतः मटणाची अट्टल खाणारी, हाडूक फोडून आतलं चोखल्याशिवाय ताटावरून उठायची नाही. पण रामासमोर नको.

म्हणजे मटण परड्यात, त्यावर टोपली, टोपलीवर पाटा, आणि शेजारी राखणीला एक पोर. पाळी आळीपाळीनं होती असं माझे भाऊ आजही सांगतात. मला तरी बहुतेक रविवारी मीच आठवते.

टीव्ही चौदा इंची, काळापांढरा, लाकडी शटरवाला. काकांनी कुठूनतरी रंगीत काच आणून पुढं लावली होती. काच कसली, प्लास्टिकचा कागदच तो. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. त्यामुळं मारुती उडाला की निळा व्हायचा आणि जमिनीवर उतरला की गुडघ्यापासून हिरवा. सोप्यात अख्खी गल्ली मांडी घालून बसलेली, दारात चपलांचा ढीग, आणि सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून आबा.

आबांना राम-लक्ष्मणाचं फारसं काही नव्हतं. ते बसायचे मारुतीसाठी. तेही भक्तीनं नाही, परीक्षेला. तरुणपणी ते तालमीत होते, खासबागेत कुस्त्या केलेल्या. किती मारल्या आणि किती पडले, हा आकडा दर सणाला बदलायचा. तालमीतला देव मारुती. रोज त्याच्या पाया पडून लाल मातीत उतरायचं. आणि आता त्या मारुतीच्या वेषात समोर दारा सिंग! पैलवानानं पैलवानाच्या पाया पडायचं का, हा आबांच्या पुढचा पेच होता. त्यातून हा फ्रीस्टाईलवाला. "किंगकाँगला उचलून फेकला म्हणत्यात," आबा म्हणायचे, "पर मातीत खेळलाय का त्यो?"

त्याचा निकाल कानावर लागणार होता. रगडा खाऊन पैलवानाचे कान मोडतात, गाठीसारखे सुजून घट्ट होतात, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही ठाऊक. आबांचा उजवा कान तसाच होता, लहानपणी मी तो सुक्या जर्दाळूसारखा चाचपून बघायची. ज्याचा कान धड, त्याची तालीम कच्ची, हा आबांचा कायदा. पण त्या टीव्हीवर मुंग्याच इतक्या की मारुतीचं तोंड दिसायची मारामार, तिथं कान कुठला! "अरं, अँटेना फिरवा की जरा," आबा ओरडायचे. बाकीच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला भक्तीचा उमाळा आलाय.

द्रोणागिरीच्या रविवारी राखणीला मी होते. आत लक्ष्मण पडलेला, बायका डोळे पुसताहेत, आणि मी परड्यात पाट्यावर हात ठेवून. किती वेळ राहणार? मारुती उडाल्याचा गलका झाला तशी मी पळत गेले आणि दारातल्या चपलांवर उभी राहिले. निळा मारुती, हातावर निळा डोंगर. मग सहज मागं भिंतीकडं बघितलं तर आबांनी हात जोडलेले. दोन्ही हात, पार कपाळापर्यंत. माझी नजर पडताच ते हात त्यांनी डोक्यावरून फिरवले, केस सारखे केल्यासारखे. डोक्यावर केस नव्हतेच.

मी परत गेले तर पाटा खाली, टोपली उपडी, आणि बोका भिंतीवरून पलीकडं चाललेला. मटण दीड किलो होतं. त्या दिवशी अख्ख्या मसुराची आमटी झाली आणि मला आज्जीनं उलथन्यानं मारलं. "राखण सोडून कुठं मेलतीस?" सगळे विचारत होते. मी काही बोलले नाही. आबाही बोलले नाहीत. नुसते आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि दूरदर्शननं रामायण परत लावलं. आता घरात बेचाळीस इंची टीव्ही, चित्र स्वच्छ, रंग ज्याचे त्याला. आबा जाऊन तेव्हा वीसएक वर्षं झालेली. मी ठरवलं होतं, मारुती आला की कान बघायचे. पण रोजच काहीतरी निघायचं, भाजीवाल्याची हाळी, मुलांची भांडणं. आणि मारुती आला त्या दिवशी, आता म्हटलं तर कुणाला पटणार नाही, मी त्याच्याकडं बघितलंच नाही. मागं भिंतीकडं बघत बसले. तिथं आता फ्रीज आहे.

कान बघायचे राहिलेच. फोन हातात आहे, बघायचं तर या गच्चीवर, या कावळ्यादेखत, आत्तासुद्धा बघता येईल.

आणि धड निघाले तर?